खवल्यांचं पाणी

मे संपत आला की आमच्या वर्सोव्याच्या घरातला डीप फ्रीझर काठोकाठ भरतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, ती जुलै संपेपर्यंत. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्या दिवसांत म्हावरा द्यायचा तो याच पेटीतून. दोन वर्षांपूर्वी जुलैत यारी रोडच्या एका ताईंनी सुरमईचा फोटो पाठवला. ताटलीत एक तुकडा, भोवती गुलाबी पाणी साचलेलं, कडेला पांढरा कोरडा पट्टा, खडू घासल्यासारखा. खाली लिहिलं होतं, "तव्यावर चोथा झाला हो." त्याच दिवशी आमच्यासाठी काढलेला बांगडाही खवट निघाला. ताईंचे पैसे परत केले, पण जिवाला लागलं ते वेगळंच. ती सुरमई मी स्वतः पहाटे बंदरावर निवडून घेतली होती. म्हावरा चांगला होता, बिघडला तो माझ्या घरी.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शिकणारी एक मुलगी भाड्याने राहायची. तिने मला नीट समजावलं. घरच्या फ्रीझरमध्ये मासा सावकाश गोठतो. उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात तो जितका रेंगाळेल तितके बर्फाचे खडे मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फाडतात. मग बर्फ सुटताना ते पाणी मांसात परत मुरत नाही, ताटलीत येतं. मी दिवसातून दहा वेळा झाकण उघडायचे, त्याने खडे आणखी वाढायचे. पांढरा पट्टा म्हणजे बर्फाची थेट वाफ होऊन वाळलेलं मांस. बांगड्याला खवटपणा येतो तो त्याच्या तेलाला हवा लागून.

कारखान्यात गोठलेला मासा गार पाण्यात बुडवून त्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात, त्याला ग्लेझिंग म्हणतात. मग उडायचा तो थर उडतो, मासा वाचतो. साध्या पाण्याचा थर पटकन तडकतो. त्यात माशाचंच जिलेटिन असेल तर तो चिवट होतो आणि हवेलाही अडवतो. याच जिलेटिनचे आणखी बारीक तुकडे करून मांसात मिसळले तर बर्फाचे खडे वाढत नाहीत, असं प्रयोगशाळांत दिसलं आहे. सुरिमीत, म्हणजे धुतलेल्या माशाच्या खिम्यात, त्यासाठी साखर आणि सॉर्बिटॉल घालतात. मांसात काही मिसळण्याचं काम माझ्या घरी होणारं नाही. थर चढवणं मात्र जमण्यासारखं होतं.

जिलेटिन मिळतं ते कोलॅजन शिजवून. सासूबाईंना हे कोलॅजन काय ते सांगायला मला फार बोलावं लागलं नाही. म्हटलं, "आई, रावसाच्या डोक्याचं कालवण फ्रीजमध्ये थरथरतं ना, तेच हे." त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे घोळीच्या भोतात असतं ते." बरोबर होतं त्यांचं. भोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ज्या भोतासाठी व्यापारी एवढे पैसे मोजतात, तो बहुतेक कोलॅजनच असतो. आणि तेच खवल्यांतही असतं, जे मी रोज टोपलीभर कचऱ्यात टाकत होते.

आता रावस आणि घोळीची खवलं मिठाच्या पाण्याने चोळून बुळबुळीत थर काढते. रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवते, त्यात खवल्यांतलं कॅल्शियम विरघळतं. सकाळी चारदा धुते आणि मंद आचेवर दोन-तीन तास ठेवते. उकळी येऊ द्यायची नाही, फार तापलं तर जिलेटिन नीट धरत नाही. गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की भांडं हलवल्यावर ते डुलतं. त्यात भरपूर पाणी घालून पातळ करायचं, अगदी गार करायचं, आणि दगडासारखा गोठलेला तुकडा त्यात बुडवून लगेच काढायचा. मिनिटभरात वर काचेसारखा थर येतो. दोनदा बुडवते, मग हवा काढून पिशवी बंद.

वजन मात्र थर चढवण्याआधी करते. ग्लेझिंगच्या नावाखाली पाणी विकणं मला चोरीच वाटते. आणि कोळंबीला हा थर लावत नाही. मासा सोसत नाही पण कोळंबी चालते अशी माणसं आहेत, त्यांच्या पोटात नकळत माशाचं काही जायला नको.

बांगडा गेल्या जुलैत खवट आला नाही. सुरमईतून पाणी अजून सुटतं, कारण आतले खडे मोठे होतात त्यावर बाहेरचा थर काही करू शकत नाही. म्हणून आता तुकडे पातळ कापते आणि एकावर एक न रचता पसरून गोठवते. बोंबलाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याच्या अंगात जवळजवळ ९० टक्के पाणी. तो ताजा खायचा, नाहीतर वलांडीवर सुकवायचा.