लाल सळई आणि बारीक सळई

मिक्सर लागला होता, माणसं आली होती, आणि सकाळी साडेसातला मला स्लॅब थांबवावा लागला.

घरांना गिऱ्हाईक नसलं की कामं अर्ध्यावर राहतात. हे घर तळमजल्याचे कॉलम भरून सात महिने तसंच उभं होतं. मंदीत दर उतरले म्हणून मालकांनी काम पुन्हा काढलं, सगळ्यात कमी आकडा होता त्या ठेकेदाराला दिलं. दर खरोखर कमी होता. तो कशामुळे कमी आहे, ते मात्र कागदावर दिसत नाही. शटरिंगखाली वाकावं लागतं.

मालकांना काळजी होती ती कोपऱ्यातल्या सळयांच्या ढिगाची. "ही सगळी लाल झालीय हो, चालेल का?" ढिगातली १२ मिमीची सळई बरोबर एक मीटर कापली, तारेच्या ब्रशने घासली आणि वजन केलं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ८८८ ग्रॅम यायला हवं. ८५५ भरलं. चार टक्क्यांच्या आतली घट. नव्या सळईतही एवढा फरक निघतो. सुटा गंज झाडला की ती वापरायला हरकत नव्हती. घट्ट चिकटलेला पातळ गंज काँक्रीटच्या पकडीला मारक नसतो.

दुखणं दुसरीकडे होतं. कॉलमच्या डोक्यातून वर निघालेल्या सळयांना कुणीतरी जपायचं म्हणून प्लास्टिक गुंडाळलं होतं. आत ओल कोंडली, आणि दोन कॉलमांची डोकी जरा खोलगट असल्याने पाणी नेमकं सळईच्या बुडाशी साचत राहिलं. वर सळई जवळजवळ काळी, नव्यासारखी; बुडाशी गंजाचे पापुद्रे. पापुद्रे काढून व्हर्नियरने जाडी मोजली तर १२ ऐवजी १०.५ मिमी. कानाला दीड मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण भार क्षेत्रफळ घेतं, आणि ते पाऊणवर आलं होतं. अशा पाच सळया निघाल्या. काम बंद ठेवताना प्लास्टिक नको, सिमेंटचा घट्ट रबडा सळयांना फासावा आणि कॉलमच्या डोक्याला ढाळ द्यावा.

मग पोती. स्लॅब १२ बाय ८ मीटर, जाडी १२५ मिमी, म्हणजे १२ घनमीटर. बीमचे ५ धरून १७. एक भाग सिमेंटला दीड वाळू, तीन खडी या मिश्रणाला घनमीटरमागे साधारण ८ पोती, एकूण १३६. थप्पीत १४० होती, पण पोत्यांवर छापलेला आठवडा वाचला तर ९० पोती चार महिन्यांपेक्षा जुनी. खप मंदावला की माल गोदामात पडून राहतो आणि तोच स्वस्तात मिळतो. चांगल्या साठवणुकीतही तीन महिन्यांत सिमेंटची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. बोटांनी चुरगळता न येणारे खडे निघाले, तेव्हा ती पोती स्लॅबमधून बाद केली. "चाळून घेऊ की," मुकादम म्हणाला. चाळल्याने खडे जातात, गेलेली ताकद येत नाही.

पाण्याचंही तसंच. सिमेंटच्या वजनाच्या ०.५ या प्रमाणाने ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी. पोत्यामागे सुमारे ८० किलो वाळू पडते. ती पाच टक्के ओली असली तर ४ लिटर पाणी तिच्यातच आलेलं असतं. डब्याचं माप त्या हिशेबाने २१ वर आणायचं. इथे डबा नव्हताच, पाइप सोडलेला होता.

सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती धिऱ्यांची, म्हणजे स्लॅबचा साचा खालून तोलणाऱ्या टेकूंची. ठेकेदाराकडे सेंटरिंगचा एकच संच, तो दोन साइटवर वाटलेला. एक मीटरवर हवेत ते धिरे १.४ मीटरवर. अंतर चाळीस टक्क्यांनीच वाढलं, पण ते दोन्ही दिशांना वाढलं, म्हणून प्रत्येक धिऱ्याच्या वाट्याचं क्षेत्र जवळजवळ दुप्पट. १२५ मिमी ओल्या काँक्रीटचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. माणसं, घमेली, प्लेटा धरून पाचशे. म्हणजे ५०० किलोच्या जागी एका धिऱ्यावर हजार, आणि बुडाशी भुसभुशीत भराव, फळीसुद्धा नाही.

माणसं अकरा. एका वेळी एक पोतं घेणाऱ्या मिक्सरला १३६ घाणे काढायला आठ-नऊ तास लागतात, तेही खडी, वाळू, वाहतूक, व्हायब्रेटर सगळीकडे हात असतील तर. अकरा जणांत काम रखडणार, आधीचा थर आवळल्यावर पुढचा पडणार, आणि त्या सांध्यातून पुढे छत गळणार.

दुरुस्तीला पाच दिवस गेले. दोन कॉलमांच्या भोवतीचं शटरिंग उघडून डोकी छिन्नीने ६०० मिमी खाली फोडली. ब्रेकर लावला असता तर खालचं काँक्रीटही तडकलं असतं. शाबूत सळईला नवी सळई व्यासाच्या पन्नासपट, म्हणजे ६०० मिमी जोड देऊन बांधली, जोडाच्या लांबीत रिंगा १०० मिमीवर. जुना पृष्ठभाग खडी दिसेपर्यंत टोचून धुतला. धिरे एक मीटरवर, खाली फळ्या.

सहाव्या दिवशी सत्तावीस माणसं, डब्याने पाणी. आधी बीम, मग स्लॅब. व्हायब्रेटरची सुई उभी, बुडबुडे थांबेपर्यंत. काम अडलंच तर कुठे थांबायचं ती रेघ गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आधीच आखली होती. तिची गरज पडली नाही. काँक्रीटची ताकद तपासायला सहा क्यूब भरले, तीन सात दिवसांसाठी, तीन अठ्ठावीस.

स्लॅब भरल्यापासून आठव्या दिवशी ठेकेदाराचा फोन: दुसऱ्या साइटला धिरे हवेत, निम्मे काढू का? गाळे पाच मीटरचे, लांब होते. चौदा दिवसांआधी एकही काढायचा नाही, असं सांगितलं. पंधराव्या दिवशी गेलो तेव्हा स्लॅबवर पाणी मुरवायला केलेल्या वाफ्यात अजून पाणी होतं आणि सेंटरिंगवाला गाळ्याच्या मधल्या धिऱ्यांपासून सुरुवात करत होता.