बाईंच्या समोरची जागा

1979 सालच्या ऑगस्ट महिन्यात शाळेच्या मागील चिंचेवरून पडून माझा उजवा पाय मोडला आणि पुढील दीड महिना तो प्लॅस्टरमध्ये राहिला. मी तेव्हा सातवीत होतो. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी बागकाम करायचे आणि मुलींनी शिवण-विणकामाच्या वर्गात बसायचे, अशी त्या काळी सरळ वाटणी होती. कुदळ धरून उभे राहता न येणाऱ्या मुलाचे करायचे काय, हा प्रश्न आमच्या वर्गशिक्षकांनी मला मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवून सोडवला. प्लॅस्टर निघाल्यानंतर मात्र मी बागेत परत गेलो नाही. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन, सहल वा क्रीडांगण न येता त्या वर्गातील पत्र्याची हिरवी ट्रंक आली.

त्या ट्रंकेत सर्वांत वर मॅटीचे, म्हणजे भरतकामाच्या जाळीदार कापडाचे, तुकडे, त्यांखाली अँकरच्या दोऱ्यांच्या रंगवार लावलेल्या लच्छ्या, काडेपेट्यांत भरून ठेवलेले काचेचे मणी आणि अगदी तळाशी हाताने सूत कातायच्या दहा-बारा जुन्या टकळ्या असत. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवणारी जी शिक्षणपद्धती पुढे आली, तिची आमच्या शाळेत उरलेली खूण म्हणजे एवढ्या टकळ्या. आमच्या वेळेपर्यंत सूतकताई बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. शिवणाच्या बाईंनी मात्र त्या फेकून दिल्या नव्हत्या. रुमालाच्या कडेला गोंडे लावायचे असले की त्या आम्हाला टकळी देत आणि चार पदरी दोऱ्याला पीळ भरून घ्यायला सांगत. त्यांचे नाव शाळेत फारसे कोणी घेत नसे. सर्वांच्या तोंडी त्या ‘शिवणाच्या बाई’ होत्या आणि इथेही मी त्यांना तेच म्हणणार आहे.

मी डावरा आहे. लिहिण्यापुरता उजवा हात मला आधीच्या शाळेत छडीने शिकवला गेला होता, परंतु गोट्या, विटीदांडू, जेवणाआधी ताटातील वाटी सरकवणे ही सारी कामे डाव्या हाताचीच होती. बाई मुलींच्या शेजारी बसून, त्यांच्या हातावर हात ठेवून क्रोशाचे टाके शिकवत. माझ्या शेजारी बसून त्यांनी दोन तास तसाच प्रयत्न केला आणि दोन्ही दिवस माझ्या बोटांभोवती दोऱ्याचा गुंता तेवढा झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलली, माझ्या बाकासमोर गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ ठेवली आणि म्हणाल्या, “आता तू आरशात बघतोयस असं समज. माझा उजवा हात हलला की तुझा डावा हलव. तोंडानं काही विचारू नकोस, नुसतं बघ.” त्या तासाला माझी साखळी जमली. ती इतकी घट्ट होती की परतीच्या ओळीत सुईचे टोकही तिच्यात शिरेना, पण साखळी होती. डावरेपणाचा उल्लेखही न करता त्याची सोय लावणारी ती पहिलीच व्यक्ती मला भेटली होती.

ज्यांनी क्रोशाची सुई कधी हातात धरली नाही, त्यांच्यासाठी एक खांब कसा घालतात ते सांगतो. पोलादी सुईच्या मधोमध अंगठ्यासाठी चपटी केलेली जागा असते, तिथे अंगठा टेकवायचा. सुईवर एक फंदा, म्हणजे दोऱ्याचा फास, असतोच. दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून आणायचा. आता सुईवर तीन फंदे होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन फंद्यांतून काढायचा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोहोंतून काढायचा. एक खांब उभा राहतो आणि सुईवर परत एकच फंदा उरतो. स्वेटरच्या विणकामात सगळेच टाके सुईवर जिवंत असतात आणि एक टाका गळाला की तो शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात मात्र सांभाळायला एकच फंदा असतो. सातवीतल्या धांदरट मुलाला हे फार सोयीचे होते. दप्तरात सुई निसटली तरी नुकसान चार-दोन खांबांचेच होई.

गोल रुमाल करायचा तर पाच साखळ्यांचे कडे करून त्यात बारा खांब, पुढच्या फेरीत चोवीस, त्यापुढे छत्तीस, अशी प्रत्येक फेरीला बाराची भर घालायची. बाईंनी हे गणित फळ्यावर कधी लिहिले नाही. ‘भर घालायला विसरलास तर टोपी होईल आणि जास्त घातलीस तर कोबी होईल’ एवढेच त्या म्हणत. माझा पहिला रुमाल टोपी झाला. दुसऱ्या वेळी मी धास्तीने प्रत्येक खांबावर दोन-दोन खांब घालत गेलो आणि त्याची अशी काही झालर झाली की तो बाकावर सपाट बसेचना. सगळ्या वर्गाने त्या कोबीचे दर्शन घेतले. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या वाचनात आले की कॉर्नेल विद्यापीठातील डायना टायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये हायपरबोलिक भूमितीतील, म्हणजे सपाट न राहता सगळीकडे मुरडत जाणाऱ्या पृष्ठाच्या भूमितीतील, प्रतल विद्यार्थ्यांना हाताळता यावे म्हणून नेमके हेच केले होते: ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन क्रोशाने झालरी विणल्या होत्या. आमच्या बाईंना ही भूमिती ठाऊक असण्याचे कारण नव्हते, मात्र टाके किती वाढले की कापड कुठे वळते, हे त्या न बघता बोटांनी सांगू शकत.

मण्यांचे काम मुलींना अधिक आवडे, कारण त्याचे रंग लगेच दिसत. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई लावायची, चार मणी ओवायचे आणि चौथ्या मण्यातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी काढायच्या, की एक चौकट तयार होते. तो चौथा मणी पुढच्या चौकटीचा पहिला ठरतो. दारावरची तोरणे, ताटाभोवतीच्या महिरपी, देवघरापुढचे पडदे हे सारे याच एका युक्तीवर चालते. चाराऐवजी पाच-पाच मण्यांची फुले करत गेले की काम आपोआप वाकू लागते आणि बारा फुलांनंतर चेंडू मिटतो. बारा पंचे साठ म्हणून मी साठ मणी मोजून घेतले होते आणि चेंडू पुरा झाला तेव्हा त्यातले निम्मे वाटीत शिल्लक होते. प्रत्येक मणी दोन फुलांच्या सामाईक मालकीचा असल्यामुळे तीसच पुरतात, हे उत्तर मला बाईंनी सांगितले नाही; त्यांनी फक्त एक मणी चिमटीत धरून, “हा कुणाचा, या फुलाचा का त्या फुलाचा?” असे विचारले. गणितात मला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळत असत, त्या वर्षीही तेवढेच मिळाले. त्या चेंडूचे कोडे उलगडल्याचा आनंद मात्र आजही आठवतो.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. मला त्या वर्गात जी मौज वाटली, तिचे एक कारण असे की माझ्यावर ते शिकण्याची सक्ती नव्हती. शेजारच्या बाकावरील मुलीचा हात माझ्याहून चौपट जलद चाले आणि तिचे खांब छापल्यासारखे एकसारखे येत, परंतु तिला हे काम मनापासून नकोसे होते. तिच्या घरी आतापासूनच रुखवताची बेरीज चालली होती. मण्यांचा ससा झाला, मोत्यांची तुळस झाली, लोडांचे अभ्रे व्हायचेत, असे तिची आई येता-जाता मोजत असे, आणि मुलगी बघायला येणारी मंडळी ‘हे सगळं तिनं केलंय का?’ असे विचारत. मला असे विचारणारे कोणीच नव्हते. वर्गातील मुले मला काही महिने ‘ताई’ म्हणून चिडवत राहिली, ती मी विणलेला जाळीचा पट्टा क्रिकेटच्या कप्तानाच्या पाण्याच्या बाटलीला बसल्यावर गप्प झाली. एकाच वर्गातले एकच काम एकीला ओझे आणि एकाला खेळ का वाटते, हा विचार मला त्या वेळी सुचला नव्हता. आता हातमागाच्या वा भरतकामाच्या प्रदर्शनात ‘स्त्रियांचा उपजत छंद’ असा फलक दिसला की ती मुलगी हमखास आठवते.

दहावीनंतर मी इचलकरंजीत वस्त्रोद्योगाची पदविका घेतली आणि नोकरीची सारी वर्षे सूतगिरणीच्या तपासणी प्रयोगशाळेत काढली. तिथे पहिल्याच आठवड्यात जे शिकवले गेले, त्याची तोंडओळख मला ट्रंकेने आधीच करून दिली होती. क्रोशाच्या गुंड्यावरचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे मी बाईंकडे केवळ पाठ केले होते. गिरणीत सुताच्या काउंटमागचा हिशेब समजला. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा काउंट, म्हणून 40 चे सूत 20 च्या निम्म्या जाडीचे नव्हे, तर तेवढ्याच लांबीला निम्म्या वजनाचे. स्वेटरच्या सुयांचेही जुने नंबर असेच उलटे चालतात: 8 नंबरची सुई चार मिलिमीटरची, तर 12 नंबरची पावणेतीनची. पिळाचेही तसेच. सुताचा पीळ इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या रेघेसारखा झुकतो किंवा झेडच्या. एकाच गुंड्यातील दोरा उजव्या हाताने क्रोशा करणारीच्या हातात अधिक आवळत जात असेल, तर डावऱ्याच्या हातात तो सैल पडतो, कारण दोघांचे वेढे विरुद्ध दिशांनी पडतात. माझ्या रुमालाचा दोरा अधूनमधून पदर सोडतो आणि शेजारणीचा सोडत नाही, याबद्दल सातवीत मी स्वतःच्या हाताला दोष देत आलो होतो. तो दोष पिळाचा होता, हे कळायला मला सूक्ष्मदर्शकाखाली सूत ठेवावे लागले.

यंत्रांच्या सहवासात इतकी वर्षे काढूनही क्रोशाबद्दलचे माझे कौतुक ओसरले नाही, उलट वाढले. स्वेटरचे विणकाम करणारी यंत्रे मी रोज पाहिली. क्रोशाचा हातासारखा खांब घालणारे यंत्र मात्र मी कारखान्यात पाहिले नाही. ‘क्रोशे मशीन’ या नावाने जी यंत्रे विकली जातात ती प्रत्यक्षात वॉर्प निटिंग, म्हणजे उभ्या समांतर धाग्यांचे फंदे एकमेकांत अडकवत जाणारे विणकाम, करतात आणि त्यांवरची लेस नुसत्या डोळ्यांना क्रोशासारखी भासते. बाजारातील एखादा खराखुरा क्रोशाचा टॉप स्वस्तात मिळाला म्हणून कोणी आनंदाने दाखवू लागले की मला तो विणणाऱ्या बाईच्या मजुरीचा हिशेब सुटत नाही आणि मी गप्प बसतो.

पाळीवरून घरी आल्यावर रात्री अर्धा तास मी क्रोशा करत असे, तो नेम निवृत्तीनंतरही चालू आहे. नातेवाइकांकडील बारशांना माझ्या हातची टोपडी आणि मोजे गेले आहेत. अलीकडे तरुण मुले-मुली फोनवर बघून अमिगुरुमी नावाच्या जपानी पद्धतीच्या छोट्या बाहुल्या करतात. माझ्या भाचीने मला तसले एक अस्वल दाखवले आणि मुक्या खांबांची सहा, बारा, अठरा, चोवीस अशी भर वाचून दाखवली, तेव्हा मी तिला पुढचा आकडा न बघताच सांगितला. खांबाला बारा आणि मुक्या खांबाला सहा, कारण मुका खांब बुटका असतो, हेही बाईंचेच.

शाळेच्या अमृतमहोत्सवी प्रदर्शनासाठी मी एक वस्तू देत आहे. सातवीच्या शेवटी केलेले ते तांब्यावर घालायचे पांढरे झाकण आहे. कडेच्या कमानींना काचेचे निळे मणी असून त्यांच्या वजनाने ते वाऱ्याने उडत नाही. क्रोशात असे मणी आधी दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात आणि मग एकेक पुढे सरकवत विणत जायचे असते. चोवीस कमानी, प्रत्येकीला तीन, असे बहात्तर मणी मी ओवले होते. शेवटची कमान संपली तेव्हा दोऱ्यावर तीन मणी शिल्लक राहिले. मी एकेका कमानीचे मणी दोनदा मोजले. सगळीकडे तीनच होते. मग कमानी मोजल्या, त्या तेवीस भरल्या, कारण आतल्या कुठल्याशा फेरीत मी एका खांबाची जागा सोडून पुढे गेलो होतो. सारे उसवण्याच्या तयारीने मी बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी ते झाकण स्वतःच्या तांब्यावर पसरून पाहिले आणि म्हणाल्या, “राहू दे. पाण्याला काही मोजता येत नाही.” उरलेले तीन मणी त्यांनी दोऱ्याच्या शेपटालाच गाठ मारून ठेवायला लावले. आई त्या झाकणाने पुढे तीसेक वर्षे पाणी झाकत होती. मणी अजून तिथेच लोंबत आहेत, त्यातला एक जरा टवका उडालेला.