तुम्ही विचारलंत म्हणून : ‘जर्नी’तली माणसे इतकी चांगली कशी वागतात?

‘जर्नी’ हा व्हिडिओ गेम खेळलेली माणसे मला हमखास एकच प्रश्न विचारतात : इंटरनेटवर अनोळखी माणसे एरवी एकमेकांच्या उरावर बसतात, मग याच खेळात ती इतकी सांभाळून कशी घेतात? असा शांत खेळ घेणारे लोक मुळातच सालस असणार, असे उत्तरही बहुतेकांनी मनाशी ठरवलेले असते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खरे तर आधीच्या चाचण्यांत माणसे अजिबात चांगली वागत नव्हती. त्यांचे वागणे बदलावे म्हणून खेळच पुन्हा पुन्हा बदलावा लागला आणि त्यापायी ‘दॅटगेमकंपनी’ या छोट्या अमेरिकन कंपनीची तीन वर्षे आणि जवळचा सगळा पैसा खर्ची पडला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पायघोळ झगा घातलेली, हात नसलेली एक आकृती वाळवंटात उभी असते, दूरवरच्या डोंगरमाथ्यावर उजेड दिसत असतो आणि तिथवर पोहोचायचे असते. तिच्या गळ्यात एक उपरणे असते, आणि त्यावरची चिन्हे उजळलेली असेपर्यंत तिला हवेत झेपावता येते. वाटेत तशीच दुसरी आकृती भेटते. ती म्हणजे त्याच वेळी जगात कुठेतरी बसून खेळणारा खराखुरा माणूस. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला लिहिता येत नाही, खेळ संपेपर्यंत त्याचे नावही दिसत नाही. फक्त एक बटण दाबून साद घालता येते.

शांघायमध्ये जन्मलेले जेनोवा चेन या खेळाचे प्रमुख दिग्दर्शक. मोठमोठ्या ऑनलाइन खेळांत हजारो माणसे जमतात, पण त्यांचे बोलणे मारामारी आणि मिळकतीपलीकडे जात नाही, ही त्यांची खंत होती. म्हणून २००९ च्या सुमारास त्यांनी ‘जर्नी’चे काम हाती घेतले. सुरुवातीच्या एका आवृत्तीत खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत असे. अवघड जागी सोबत्याला वर चढायला हातभार लागावा, हा त्यामागचा हेतू. चाचणीला बसलेली माणसे मात्र सोबत्याला खड्ड्यात ढकलू लागली. वाटेत मिळणारी शक्ती एकाने घेतली की दुसऱ्याला उरत नसे, तेव्हा तिच्यासाठीही चढाओढ लागे. माणसांच्या या वागण्याने चेन खूप निराश झाले होते.

पुढे एका बालमानसतज्ज्ञाने त्यांना जे समजावले ते मला या साऱ्या हकिकतीतले सर्वांत मोलाचे वाटते. नव्या जगात आलेला खेळाडू तान्ह्या मुलासारखा असतो. त्याला बरेवाईट कळत नसते. ज्या कृतीला सर्वांत मोठा प्रतिसाद मिळतो ती तो पुन्हा पुन्हा करतो. भांडे आपटल्यावर मोठा आवाज होतो, म्हणून मूल ते पुन्हा आपटते, तसेच हे. तेव्हा नको असलेल्या कृतीचा प्रतिसादच काढून घ्यायचा. मंडळींनी ढकलणे काढून टाकले, आणि दोन आकृत्या जवळ आल्या की दोघांची उपरणी उजळून भरतील अशी सोय केली. एकाने घेतलेली शक्ती दुसऱ्यालाही मिळू लागली. चार जणांनी एकत्र खेळायचे, हा आधीचा बेत सोडून दोघांवरच थांबले.

खेळातून भीती मात्र काढली नाही, आणि ते मला अगदी योग्य वाटते. पुढे आकाशातून अजस्र दगडी प्राणी फिरतात आणि सापडलात तर तुमचे उपरणे फाडून आखूड करतात. बर्फात शक्ती गोठत जाते. मरण नाही, पण गमावणे आहे, आणि म्हणूनच शेजारच्या अनोळखी जिवाला बिलगून चालण्याला अर्थ येतो.

या सगळ्याचा हिशेब कागदावर फार वाईट दिसत होता. वर्षभरात होईल या अपेक्षेने सुरू झालेले काम लांबत गेले, पैसे पुरवणाऱ्या सोनीने मुदत वाढवून दिली, तरीही शेवटी कंपनी दिवाळखोरीला आली. १३ मार्च २०१२ रोजी ‘जर्नी’ बाजारात आला तेव्हा तो जेमतेम दोन तासांचा खेळ होता. तीन वर्षे कुठे गेली, असे कुणी विचारले, तर जे काढून टाकले त्यात गेली, एवढेच मी सांगू शकते.

मागच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा भाचा पहिल्यांदाच हा खेळ खेळत होता. दुसरी आकृती दिसताच त्याने धावत जाऊन तिला धडक मारली. ती पडली नाही, हललीसुद्धा नाही. दोघांची उपरणी तेवढी उजळली. त्याने आणखी दोनदा धडक मारून पाहिली. मग थांबून साद घातली. पलीकडून उत्तर आले, तशी त्याने पुन्हा घातली. पुढे बर्फात तो सोबती मागे राहिला तेव्हा हा वळून उभा राहिला आणि तो येईपर्यंत बटण दाबत राहिला. शेवटी पडद्यावर सोबत्याचे नाव उमटले. भाच्याने ते वहीच्या मागच्या पानावर एकेक अक्षर बघत उतरवून घेतले.