देवावर रागवायला शिकवणाऱ्या बाई

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत बहुतेक जण गॅदरिंग, सहली आणि खाल्लेला मार यावर लिहितील आणि ते वाचायला मलाही आवडेल, पण शाळेनं मला जे दिलं ते शुक्रवारच्या शेवटच्या तासात दिलं. बाकी वर्गाला तेव्हा मूल्यशिक्षण असायचं आणि आम्ही मोजकी ख्रिस्ती मुलं लायब्ररीत बायबलच्या तासाला बसायचो. तो तास आमच्या मराठीच्याच बाई घ्यायच्या. त्या तासाला मी देवावर रागवायला शिकले, आणि तो राग त्याच्याकडेच सोडून घरी जायलाही शिकले.

इंदूरच्या परदेशीपुरा, नंदानगर या भागात जे वाढले त्यांना मिलचा भोंगा काय असतो ते सांगायला नको, घरात घड्याळ नसलं तरी भागायचं. मग इथल्या कापड मिल एकामागून एक बंद पडल्या आणि त्यात आमच्या बाबांचीही मिल गेली. बाबा लूमवर होते. मिल बंद झाल्यावरही ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करायचे, कपडे घालून बसायचे, आईनं डबा भरला नाही तर चिडायचे आणि भरला तर त्याहून जास्त चिडायचे. आमच्या आजोबांपासून रविवारची उपासना कधी चुकली नव्हती, ती बाबांनी सोडली. पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, घरी आले की बाबा मागच्या दारानं बाहेर. देव पैसेवाल्यांच्या बाजूचा असतो असं ते आईला सांगायचे आणि मी आठवीतली पोर, मला ते शंभर टक्के पटायचं.

त्याच सुमारास बाईंनी बायबलमधलं स्तोत्र 13 वाचायला घेतलं. जेमतेम सहा वचनांचं स्तोत्र आहे, पहिल्या दोन वचनांतच तो माणूस देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. आणि पाचव्या वचनात एकदम म्हणतो की माझा तुझ्यावर भरवसा आहे. बाई म्हणाल्या, चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये याचं काम झालं का? आम्ही पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, काहीच झालेलं नाही, वैरी तिथेच, दुःख तिथेच. फक्त त्यानं मनातलं सगळं बोलून टाकलं आणि आपण कोणाशी बोलतोय हे त्याला आठवलं. मी विचारलं, बाई, असं बोललं तर देव रागावणार नाही? त्या म्हणाल्या, "अगं, इतकं तोंडावर बोललेलं त्यानं स्वतःच्या पुस्तकात जपून ठेवलंय, मग तुझं ऐकून कशाला चिडेल?"

त्या रात्री मी गच्चीवर जाऊन देवाला जे काही बोलले ते इथे लिहिणार नाही, पण प्रार्थना म्हणजे शहाण्यासारखं हात जोडून गोड बोलणं ही समजूत तेव्हापासून गेली ती गेलीच.

बायबलमधली योसेफाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये फार घाईनं सांगतो असं मला वाटतं. भावांनी विकलं, तो मोठा अधिकारी झाला, त्यानं माफ केलं, संपलं. बाई ती आकडे मांडून सांगायच्या. सतरा वर्षांचा होता तेव्हाची हकिकत, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तीस, मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, म्हणजे भावांना आपली ओळख देईपर्यंत बावीस वर्षं गेली. आणि त्याआधी भाऊ समोर असताना तो बाजूला जाऊन रडून येतो, तोंड धुतो, परत येऊन बसतो. ओळख दिल्यावर बाप याकोब मिसरात सतरा वर्षं जगला, तो गेल्यावर भावांना परत भीती वाटली की आता हा सूड घेणार, आणि ते ऐकून योसेफ पुन्हा रडला. तुम्ही वाईट योजलं पण देवानं त्यातून चांगलं योजलं, हे वाक्य त्या रडण्यानंतरचं आहे. म्हणून कोणी मला सांगितलं की खरा विश्वासी असशील तर आजच्या आज माफ कर, तर मी त्यांना ही गोष्ट ज्यात आहे त्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचायला सांगते.

आपल्या मराठी माणसांत तर लक्ष्मीबाई टिळकच आहेत. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचं सगळं जगच उलटंपालटं झालं, माहेर, सासर, सोवळं, सगळंच. कितीतरी काळ त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो त्यांच्या मनात उजाडलं तेव्हा. देवानं त्यांना तेवढा वेळ दिला, आपणही एकमेकांना द्यायला हवा.

बाबांना वेळच लागला. कोणाच्या उपदेशानं काही झालं नाही. पाळक एकदा सकाळी आले आणि मिलबद्दल, देवाबद्दल अक्षर न काढता पोहे खाऊन गेले, पुढच्या आठवड्यात परत आले, तेव्हा बाबा मागच्या दारानं गेले नाहीत. मग आईनं ओळखीतून एक जुनी शिलाई मशीन आणली. लूमवरच्या माणसाला कापडाची समज होतीच, शिवण ते आईकडूनच शिकले, आणि बाईंनी शाळेत शब्द टाकला म्हणून युनिफॉर्मचं काम मिळालं. त्या वर्षांत ज्यांनी आपल्या शाळेत निळा स्कर्ट किंवा हाफपँट घातली त्यातल्या पुष्कळांची ती आमच्या खोलीत शिवलेली आहे. बाबा प्रत्येक पँटच्या खिशाला दुहेरी टीप मारायचे, पोरं खिशात गोट्या भरतात म्हणून. कधी उपासनेला परत येऊ लागले ते कोणी बघून ठेवलं नाही, एका रविवारी ते पुढे निघाले होते आणि आई मागून छत्री घेऊन पळत होती एवढंच आठवतं.

पण भरवसा म्हणजे अन्यायाला गप्प बसणं नाही, हे मला ठासून सांगायचंय. बाबा युनियनच्या मीटिंगला शेवटपर्यंत जात होते आणि घरी येऊन प्रार्थनाही करत होते. सूड माझ्याकडे सोपवा असं बायबलमधल्या रोमकरांस पत्रात आहे, हक्क मागू नका असं कुठेही नाही. इंदूरच्या एका मिलच्या कामगारांना तर 1991 मध्ये मिल बंद पडल्यावर हक्काचे पैसे 2023 च्या डिसेंबरात मिळाले, किती जण त्याआधीच गेले असतील. आमच्याही घरी पैसे आले तेव्हा बाबा नव्हते. आईच्या हातात तो कागद पाहून माझा जुना राग जसाच्या तसा वर आला, इतकी वर्षं गेली, मी स्वतः आता आजी व्हायच्या वयाला आले, तरी. मी परत स्तोत्र 13 काढलं आणि मोठ्यानं वाचलं, आईनं माझ्याबरोबर म्हटलं. त्या रात्री झोप लागली. पुढच्या आठवड्यात राग परत आला, परत वाचलं. हे असंच चालतं, आणि यात कमीपणा नाही, रानात देव द्यायचा तो मान्ना, म्हणजे अन्न, तोसुद्धा इस्राएल लोकांना रोजचा रोज गोळा करावा लागायचा.

आता आपल्या सगळ्यांच्याच घरात बदल चालू आहेत. पोरं पुण्याला, बंगळुरूला, आई-वडील इंदुरात एकटे, मराठी वर्गांत मुलं कमी, कोणाची नोकरी गेलेली, कोणाचं घर वाटणीत अडकलेलं. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात लिहिलंय की रानात इस्राएल लोकांना वाट दाखवणारा देवाचा ढग दोन दिवस थांबला काय किंवा महिनाभर थांबला काय, लोक तिथेच तंबू ठोकून राहायचे आणि तो उठला की निघायचे. किती दिवस मुक्काम हे त्यांना आधी कधीच सांगितलं नाही, पण ढग त्यांना सोडून एकटा पुढे गेला असंही एकदाही झालं नाही. बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी हा अध्याय नवऱ्याला वाचून दाखवला होता आणि मगच सामान बांधायला घेतलं.

महोत्सवाला मी येणार आहे. ज्यांच्या मनात असं काही साठलंय त्यांनी मला गाठा, ख्रिस्ती असा किंवा नसा, जुन्या लायब्ररीच्या खोलीत बसू, तुम्ही हवं ते बोला, मी ऐकेन, आणि चालत असेल तर सोबत प्रार्थना करू.