दोन मुठींची करवत

जूनची सुरुवात. रात्रभर वारा होता. सकाळी गस्तीला निघालो तर तुळशी तलावाकडच्या आतल्या पायवाटेवर ऐनाचं झाड आडवं पडलेलं. ठेकेदाराला फोन केला. तो माणसं घेऊन आला. सोबत पेट्रोलवरची करवत, ऑइलचा कॅन आणि दोरखंड. दोरखंड बघितला तेव्हाच समजलो, याला लाकूड न्यायचंय.

"लाकूड इथंच राहणार," मी आधीच सांगून टाकलं. बोरिवलीचं जंगल राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे परवान्याशिवाय इथून काही उचलता येत नाही, पडलेलं झाडसुद्धा.

त्याचं तोंड उतरलं. "मग मशीन तरी लावू द्या. दहा मिनिटांचं काम."

इथं मी अडलो. अमेरिकेत बरं आहे. तिथल्या १९६४च्या वाइल्डरनेस कायद्यात सरळ लिहिलंय, अशा रानात मोटरचं यंत्र नाही. व्यवस्थापनाला टाळताच येणार नाही तेवढीच सूट. त्यामुळे तिथले लोक वाटेवरची झाडं अजून हातकरवतीनं कापतात. आपल्या कायद्यात या मशीनचं नावसुद्धा नाही. कान्हेरीच्या रस्त्यावर झाड पडलं असतं तर मीच मशीन मागवली असती, तिथं बस अडते. इथं फक्त आमची गस्त अडली होती. आणि आठवड्यापूर्वी याच वाटेवरच्या कॅमेऱ्यात बिबट्याची मादी दोन पिल्लांसकट आली होती.

मशीन परत पाठवली.

पाड्यावरच्या काकांकडे जुनी दोन मुठींची करवत होती. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. "फक्त ओढायची. ढकलली की पातं वाकतं," काका म्हणाले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, पहिले दात तिच्यावरूनच घसरले. अर्ध्यावर फट मिटली नि पातं अडकलं. काकांनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं पाचर ठोकली, तेव्हा कुठं सुटलं. हाताला फोड आले. माणूस जाईल एवढीच वाट मोकळी केली, बाकीचं खोड तिथंच.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "साडेतीन तास? कुठल्या नियमात बसतं हे?"

"नियमात नाही साहेब. पिल्लं आहेत तिथं."

"मग दैनंदिनीत तसं लिही."

लिहिलं. खाली करवतीला धार लावायचा खर्चही टाकला. तो अजून मंजूर झालेला नाही.