मामा तलावाच्या पाळीवरून

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. आम्ही त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो. त्यांतले बरेचसे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्यांची जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, निगा राखण्याची गावाची सवय हळूहळू सुटली. मला हेच सर्वांत मोठे नुकसान वाटते.

आमच्या तलावात बेशरम ही झुडपी वनस्पती इतकी माजली होती की मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना जाळे टाकायला जागा उरली नव्हती. शेतातून वाहून येणारा युरिया आणि काठावरचे सांडपाणी यांवर जलपर्णीही पोसते. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. हे मी स्वतः पाहिले आहे.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेने ठरवले आणि घरटी एक माणूस आला. बेशरम वरवर कापून भागत नाही, तुकड्यातूनही ती पुन्हा फुटते. म्हणून गुडघाभर गाळात उतरून ती मुळासकट उपटावी लागली आणि काठापासून दूर नेऊन वाळवावी लागली. लोण्यासारखा मऊ, काळा गाळ शेतकऱ्यांनी धानाच्या बांध्यांत नेला. कपडे धुण्यासाठी हातपंपाजवळ वेगळा ओटा हवा, हा आग्रह बायांनीच धरला आणि तो बांधूनही घेतला.

परवा एका ढिवर काकांच्या जाळ्यात हातभर लांब मरळ आली, तेव्हा ती पाहायला अर्धे गाव पाळीवर जमले होते.