पाच महिने आणि एक लाकडी खोली

१९ मे, रात्री

पोप सेलेस्टिन पाचवा आजच्याच तारखेला, १२९६ साली, फुमोनेच्या किल्ल्यात वारला. कैदेत. गुन्हा काय, तर दीड वर्षापूर्वी त्याने पोपपद आपणहून सोडलं होतं. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक त्या राजीनाम्यापाशीच थांबतात. मी मात्र दरवेळी अडकते ती त्याच्या आधीच्या एका पत्रात आणि नंतरच्या कैदेत.

पिएत्रो हे त्याचं मूळ नाव. इटलीतल्या मोलिसेकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बारा भावंडांतला अकरावा. सुल्मोनाजवळच्या मोर्रोने डोंगरावर आणि मग मायेल्लाच्या कड्यांत एकांतात राहिला. भोवती शिष्य जमले, त्यांचा पंथ झाला. त्या पंथाची मान्यता टिकावी म्हणून हा माणूस डोंगर उतरून थेट फ्रान्समधल्या ल्योंपर्यंत गेला. 'बिचारा भोळा म्हातारा' हे त्याचं रूढ चित्र मला पटत नाही ते यामुळे. मठ उभे करणं आणि सांभाळणं त्याला चांगलं जमत होतं.

४ एप्रिल १२९२ ला पोप निकोलस चौथा वारला. नवा पोप निवडणारे जेमतेम डझनभर कार्डिनल, त्यांत ओर्सिनी आणि कोलोन्ना घराण्यांची ओढाताण. सव्वादोन वर्षं एका नावावर एकमत होईना. तेव्हा पिएत्रोने पत्र धाडलं: असंच चालू राहिलं तर देवाचा कोप होईल. पेरुजात जमलेल्यांपुढे कार्डिनल मालाब्रांकाने त्याचंच नाव सुचवलं, आणि ५ जुलै १२९४ ला ते मान्यही झालं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीची तक्रार करणाऱ्यालाच सेक्रेटरी करतात, तसलाच प्रकार. फक्त इथे सेक्रेटरी ऐंशीच्या घरातला.

तो नको म्हणाला, मग हो म्हणाला. गाढवावर बसून लाक्विला शहरात आला. लगाम धरायला नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा आणि त्याचा मुलगा. २९ ऑगस्टला कोल्लेमाज्जोच्या चर्चमध्ये राज्याभिषेक झाला. त्या दिवशी पश्चात्तापाने येणाऱ्या प्रत्येकाला, गरिबालासुद्धा, पापक्षमा मिळेल असं त्याने जाहीर केलं. पेर्दोनान्झा नावाचा तो सोहळा लाक्विलात आजही दरवर्षी होतो.

राज्यकारभाराचं म्हणाल तर सगळा आनंद होता. लगाम धरणाऱ्या राजाने तो नंतरही सोडला नाही. पोपने बारा नवे कार्डिनल नेमले, त्यांतले सात फ्रेंच, म्हणजे चार्ल्सच्या सोयीचे. रोमला जायचं सोडून मुक्काम नेपल्सच्या राजवाड्यात. कुणी मागितलं की देऊन मोकळा. एकच जागा दोघातिघांच्या नावावर. त्या राजवाड्यात त्याने स्वतःपुरती एक लाकडी खोली बांधून घेतली आणि तिच्यात जाऊन बसला. नाताळाआधीच्या उपासाच्या दिवसांत कारभार तीन कार्डिनलांकडे सोपवू म्हणाला, तर तेही त्याला करू देईनात.

मग त्याने कायद्याची वाट धरली. पोप राजीनामा देऊ शकतो, हे आधी जाहीर केलं आणि १३ डिसेंबरला तो दिला. अंगावरची पोपची वस्त्रं उतरवून आपले जुने कपडे घातले. कायद्याचा सल्ला कार्डिनल बेनेदेत्तो काएतानीचा, आणि २४ डिसेंबरला तोच बोनिफेस आठवा म्हणून निवडून आला. त्याने सेलेस्टिनची बहुतेक फर्मानं रद्द केली. राजीनाम्याचं तेवढं जपून कायद्याच्या संग्रहात घातलं. साहजिकच आहे, ते खोटं ठरलं असतं तर बोनिफेसचं पोपपदही खोटं!

आणि म्हणूनच त्याला म्हाताऱ्याची भीती. उद्या कुणी त्यालाच खरा पोप म्हणून उभं केलं तर? पिएत्रो निसटून डोंगरात गेला, एड्रियाटिक ओलांडायला निघाला, व्हिएस्तेजवळ सापडला. फुमोनेची कोंडी त्यानंतरची. डोक्यात खिळा ठोकून मारल्याची कथा मागाहून पसरली. मला तिची गरज वाटत नाही. डोंगरावर जन्म काढलेल्या म्हाताऱ्याला अरुंद खोलीत डांबलं, तेवढं पुरे होतं. १३१३ मध्ये पोप क्लेमेंट पाचव्याने त्याला संत ठरवलं, त्यामागेही बोनिफेसचा वैरी असलेल्या फ्रान्सच्या राजाचा रेटा.

२००९ च्या भूकंपानंतर पोप बेनेडिक्ट सोळावे लाक्विलाला गेले आणि आपला लोकरीचा पट्टा, पॅलियम, सेलेस्टिनच्या अवशेषांवर ठेवून आले. २०१३ मध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हा सगळ्यांना तो पट्टा आठवला. संकेत वगैरे म्हणतात ते मला मागाहून सुचलेलं शहाणपण वाटतं. पण बेनेडिक्टना राजीनाम्यानंतर व्हॅटिकनमधल्याच एका मठात जवळजवळ दहा वर्षं राहता आलं, नवे पोप भेटायलाही जात. पिएत्रोने याहून जास्त काय मागितलं होतं?

इटालियन कवी दांतेने आपल्या काव्यात भित्रेपणापायी मोठा नकार देणारा एक बिननावाचा माणूस नरकाच्या उंबरठ्यापाशी दाखवलाय. तो हाच, असं पुष्कळ जण मानत आले. २०२२ मध्ये लाक्विलात पोप फ्रान्सिस त्यावर म्हणाले की सेलेस्टिन 'नाही'चा नव्हे, 'हो'चा माणूस होता. भावना कळते, पण मला उलटंच वाटतं. फसला तो जुलैतल्या 'हो'मुळे. डिसेंबरातला 'नाही' हे त्या पाच महिन्यांतलं एकच काम, जे त्याने कुणाच्याही सोयीसाठी नाही तर स्वतःसाठी केलं. काएतानीची सोय त्यात झाली, ती गोष्ट वेगळी.